येरवड्यात घरोघरी जाऊन विचारलं, मग नदीकाठी का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात भरपूर लिहून येतं, पण आपल्याच पुण्यातलं एक चांगलं उदाहरण कुणी काढत नाही म्हणून हे पत्र. येरवड्यात बीएसयूपी ह्या शहरी गरिबांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून झोपडपट्टीतली घरं जागच्या जागी नव्याने बांधली गेली. कुणाला उचलून गावाबाहेरच्या सात मजली बिल्डिंगमध्ये नेऊन टाकलं नाही, गल्ल्या होत्या तशाच ठेवल्या, पक्की घरं पाडली नाहीत, कच्च्या घरांच्याच जागी साधारण 270 स्क्वेअर फुटांचं घर, आणि 10 टक्के पैसे घरवाल्यांचे. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई आणि महिला मिलन ह्या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेच्या बायका त्या त्या कुटुंबासोबत बसल्या आणि मग प्लॅन ठरले. जागा अगदीच चिंचोळी असेल तिथे दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एकत्र बांधलं.

महिला मिलनला हे काही नवीन नव्हतं, ती सुरूच मुंबईच्या फुटपाथवरच्या बायकांपासून झाली. 1986 च्या सुमारास मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी साडीने मापं घेऊन स्वतःच्या घराचं डिझाइन केलं होतं, 14 फूट उंच खोली आणि आत माळा, म्हणजे तेवढ्याच जागेत झोपायची वेगळी सोय. कॉलेजात न शिकलेल्या बायकांना हे सुचलं कारण त्या खोलीत राहायचं त्यांनाच होतं!

आता नदीकडे या. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून साधारण 44 किलोमीटर नदीचा काठ, नदीवर एवढं मोठं काम पुण्यात कधी झालेलं नाही. मी विरोधात नाहीये. बंडगार्डनकडे लोकांना नदीकाठी फिरायला जागा मिळतेय ते मला मनापासून आवडतं, इतकी वर्षं आपण नदीकडे पाठ करून नाक दाबूनच जगलो. पण पाणी वाढल्यावर काठाचं काय होतं हे ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला माहितीये? ताडीवाला रोड, पाटील इस्टेट ह्या नदीकाठच्या वस्त्यांना विचारा, आणि 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत काय हाल झाले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, लोकांना बोटीतून बाहेर काढावं लागलं. 1961 चा पानशेतचा पूर तर धरण फुटून आला होता, इथे धरण शाबूत असताना ही गत.

ओंकारेश्वराच्या जुन्या घाटाकडे नीट बघा, पायऱ्या उतरत जातात, पाणी आलं की खालच्या बुडतात, ओसरलं की परत मोकळ्या होतात, आणि माणसं तिथे बसतात, विधी करतात. नदीला पसरायला जागा ठेवून माणसालाही जागा देता येते, आणि भराव टाकून पात्र आवळत गेलं तर तेच पाणी वरच्या अंगाला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार.

म्हणून महापालिकेला कळकळीची विनंती आहे, पुढच्या टप्प्यांची ड्रॉइंग्ज फायनल करायच्या आधी ती मराठीत छापून ह्या वस्त्यांमध्ये आणि सोसायट्यांमध्ये घेऊन जा, येरवड्यासारखं घराघरात बसून विचारा, आणि नवीन काठ झाल्यावर पुराचं पाणी कुठपर्यंत येईल ती रेघ प्रत्येक गल्लीतल्या भिंतीवर रंगवून दाखवा.

आपली एक वाचक,
पुणे