विषय: ‘ट्रान्झिट व्हिसा नको’ म्हणून विकलेली मुंबई–साओ पाउलो तिकिटं आणि नाकारलेला परतावा

तक्रार निवारण अधिकारी यांस,

आज दुपारी तुमच्या सुपरवायझरने माझं बोलणं चालू असताना फोन ठेवला, म्हणून आता लेखी कळवते. तिकिटं, पावती, बुकिंगच्या वेळचा स्क्रीनशॉट आणि विमानतळावर मिळालेली नोंद सोबत जोडली आहे.

तुमच्या अ‍ॅपवर ‘ट्रान्झिट व्हिसा नको’ हा पर्याय आहे, म्हणजे वाटेतल्या थांब्यासाठी वेगळा व्हिसा लागणार नाही अशीच तिकिटं दाखवायची. तो निवडला की दर प्रवाशामागे जादा पैसे लागतात. ते मी भरले, कारण आई-बाबांना बहिणीच्या बाळंतपणासाठी साओ पाउलोला जायचं होतं आणि या वयात त्यांना आणखी एका वकिलातीच्या रांगेत उभं करायचं नव्हतं. ब्राझीलचा व्हिसा हातात होता. परतताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात, म्हणून डॉक्टरांना विचारून लसही घेतली होती. शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, तेवढा नव्हता. तो लागू नये म्हणूनच ही सोय विकत घेतली.

यादीत सगळ्यात वर, सगळ्यात स्वस्त आणि हिरव्या खुणेसकट तुम्ही दाखवलंत: मुंबई–अ‍ॅमस्टरडॅम–लिस्बन–साओ पाउलो.

तुमची यंत्रणा थांबे एकेक करून तपासते, हे तुम्हाला ठाऊक असणारच. अ‍ॅमस्टरडॅमला नुसतं विमान बदलायचं, म्हणून हिरवी खूण. लिस्बनलाही नुसतं विमान बदलायचं, म्हणून पुन्हा हिरवी खूण. पण या दोन शहरांमधलं उड्डाण शेंगेनच्या आतलं आहे, हे कोण बघणार? ते विमान गाठायला अ‍ॅमस्टरडॅमलाच इमिग्रेशन पार करावं लागतं. म्हणजे शेंगेनमध्ये रीतसर प्रवेश, आणि त्याला शेंगेन व्हिसाच हवा. नुसतं विमानतळाच्या आत थांबू देणारा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा असता तरी चालला नसता. अ‍ॅमस्टरडॅमहून थेट साओ पाउलोचं विमान असतं तर आमच्या पासपोर्टवर काही अडलं नसतं. ते तिकीट तुमच्याच यादीत खाली होतं, थोडं महाग होतं, आणि त्यालाही तीच हिरवी खूण होती. मग दोन्हींत फरक आहे हे गिऱ्हाइकाला कळावं कसं?

मुंबईच्या काउंटरवर आमच्या बॅगा काट्यावर चढल्या होत्या, पट्टीला टॅग लागायचा तेवढा बाकी होता. तिथल्या मुलीने पासपोर्ट बघितले, काहीतरी टाइप केलं आणि विचारलं, “शेंगेन व्हिसा?” मी तुमच्या अ‍ॅपची हिरवी खूण दाखवली. तिने स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि अ‍ॅमस्टरडॅम–लिस्बन या ओळीवर बोट ठेवलं. तिचं काही चुकलं नाही. कागद नसलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो आणि त्याला परत आणायचंही तिच्याच माथी येतं. म्हणून विमान कंपन्या टिमॅटिक या व्हिसा-नियमांच्या संगणकीय यादीत नियम बघतात. विमान कंपनीला काउंटरवर मिनिटभरात जे दिसतं, ते पैसे घेण्याआधी तुम्हाला का दिसलं नाही?

आता तुमच्या ग्राहक सेवेतल्या माणसाशी झालेला फोन. हा संवाद मी सविस्तर लिहिते आहे, कारण तो तुमच्याकडे रेकॉर्ड झालेला आहे.

“मॅडम, पॅसेंजर एअरपोर्टच्या बाहेर जाणारच नव्हते, मग व्हिसा कशाला?” मी शेंगेनचा नियम सांगितला. त्यावर उत्तर आलं, “शेंगेन म्हणजे एकच देश धरतात ना? मग तुमचा एकच थांबा झाला. उलट बरंच की.” मी म्हटलं, एकच धरतात म्हणूनच त्याच्या आत फिरायला व्हिसा लागतो. मग म्हणे, “तुमच्या पेरेंट्सना इंग्लिश येतं का? काउंटरवर नीट समजावून सांगायला हवं होतं.”

माझे वडील बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेत. आईने आयुष्यभर शाळेत शिकवलं. काउंटरवर त्यांच्या शेजारी मी स्वतः उभी होते. आणि त्यांनी समजावून काय सांगायचं होतं? युरोपचा कायदा बदला म्हणून? तुमच्या चुकीचं खापर माझ्या म्हाताऱ्या आई-वडिलांच्या इंग्रजीवर फोडायची तुमची हिंमत तरी कशी झाली? या एका वाक्याबद्दल मला लेखी माफी हवी आहे. पैशांचं पुढे बघू, माफी आधी.

त्यानंतर सुपरवायझर आले. त्यांनी सांगितलं की सिस्टिममध्ये ‘नो-शो’ दिसतं, त्यामुळे फक्त टॅक्स परत मिळेल. नो-शो? दोन माणसं वेळेच्या कितीतरी आधी काउंटरवर हजर होती, त्यांचं सामान काट्यावर होतं, आणि विमान कंपनीची लेखी नोंद माझ्याकडे आहे. ती मेलवर पाठवते म्हटलं तर मेल आयडी द्यायलाही हे गृहस्थ तयार नव्हते. “अटी-शर्तींमध्ये लिहिलंय, कागदपत्रं ही प्रवाशाची जबाबदारी,” एवढं म्हणून फोन बंद. जबाबदारी प्रवाशाची, तर ‘ट्रान्झिट व्हिसा नको’चे जादा पैसे तुम्ही कशाचे घेतलेत?

आई-बाबा शेवटी अदिस अबाबामार्गे गेले. एकच पीएनआर, सामान थेट साओ पाउलोपर्यंत, मध्ये कुठे इमिग्रेशन नाही. ऐनवेळी काढलेल्या त्या तिकिटांचा भाव तुम्हाला पावतीवर दिसेल. आई पोचली तेव्हा बाळ जन्मून गेलं होतं. त्याची भरपाई तुम्ही देऊ शकत नाही, आणि मी मागतही नाही.

मागते आहे ते एवढंच: मूळ तिकिटांचे पूर्ण पैसे, त्या सोयीचं शुल्क आणि नव्या तिकिटांतला फरक. व्हाउचर नको.

आणि तो पर्याय दुरुस्त होईपर्यंत अ‍ॅपवरून काढा. अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायची सोयच नाही. नुसतं पुढे जायचं असलं तरी आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो. कॅनडालाही लागतो. लंडनला विमानतळाच्या आतच राहिलं तरी लागतो, पण अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असला तर सहसा सूट मिळते. म्हणजे प्रवाशाकडे आधीपासून कोणते व्हिसे आहेत हे विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही, आणि तुमचं अ‍ॅप ते विचारतच नाही. दोन वेगळी तिकिटं जोडून ‘सेल्फ ट्रान्सफर’ विकता, तेव्हा बॅग घ्यायला बाहेर पडावं लागेल, हेही भाड्याच्या आकड्याशेजारी ठळक लिहा. स्वस्त तिकीट शोधणाऱ्या माणसाकडे दुसरं तिकीट काढायला पैसे नसतात. माझ्याकडे होते. ज्याच्याकडे नसतील त्याने काउंटरवरून घरी जायचं का?

ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुम्हाला बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही पडत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी जाईल; तिथे दंड 10 लाखांपर्यंत होतो. तुमची हिरवी खूण ही जाहिरातच आहे.

आमच्या घरातली सगळी तिकिटं इतकी वर्षं तुमच्याकडूनच निघाली. नातेवाइकांनाही मीच तुमचं नाव सांगत आले. ते आता बंद.

आणि पुन्हा लिहिते: त्या नोंदीतलं ‘नो-शो’ आधी खोडा. माझे आई-वडील हजर होते.

तुमची ग्राहक,
कोथरूड, पुणे