ताब्याच्या दाव्यात अमान्य निदान नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या ताब्याच्या दाव्यांत ‘पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’ (एका पालकाने दुसऱ्याविरुद्ध मन कलुषित केल्याने मुलाला जडतो असे म्हटला जाणारा विकार) हा शब्दप्रयोग एखाद्या सिद्ध आजाराच्या थाटात केला जातो. शाळेत समुपदेशनाचे काम करताना पालकांनी दाखवलेल्या अर्जांतही तो माझ्या वाचनात आला, म्हणून हे पत्र.

ही कल्पना अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये मांडली. तिच्यावरची त्यांची पुस्तके त्यांच्या स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेने काढली, हेही नोंदवण्यासारखे आहे. मूल एका पालकाला भेटायला नकार देते, ते दुसऱ्याने कान भरल्यामुळे, असे तिचे सूत्र. मुलाने ‘हे माझे स्वतःचे मत आहे’ असे ठामपणे सांगितले, तर गार्डनर यांच्या यादीत तेही एक लक्षणच ठरते! मग मारहाणीला घाबरून नकार देणाऱ्या मुलाने बोलावे तरी काय? तीव्र प्रकरणांत तर मूल ज्याला नाकारते त्याच पालकाकडे त्याचा ताबा द्यावा, असा त्यांचा सल्ला होता. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदान-पुस्तिकेत या सिंड्रोमला स्थान दिले नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ‘पॅरेंटल एलिएनेशन’ ही संज्ञा आपल्या आजार-वर्गीकरणाच्या सूचीतून काढून टाकली आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला व मुलींवरील हिंसाचारविषयक विशेष प्रतिवेदकांनी (त्या विषयावर नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी) कौटुंबिक खटल्यांत तिच्या वापरावर बंदी घालण्याची शिफारस केली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात हा शब्दप्रयोग केला होता, आणि अर्जांत बहुधा त्याचाच आधार घेतला जातो. परंतु मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावले आहे, की मुलाला दुसऱ्या पालकाविरुद्ध फितवणाऱ्या वर्तनाचे नेमके प्रसंग दाखवल्याखेरीज कोणत्याही पालकावर घाईने हा शिक्का मारू नये.

मुलांचे कान भरले जातातच, हे मी नाकारत नाही. ठरलेल्या भेटीच्या दिवशी मुलाला मुद्दाम गावी पाठवणे, फोन न देणे, आजी-आजोबांविषयी वाईट बोलणे, हे सारे आई करते तसेच वडीलही करतात आणि त्यात दुसऱ्या पालकाचे खरोखर हाल होतात. पण हे वर्तन आहे. ते तारखांनी, संदेशांनी, साक्षींनी सिद्ध करता येते. त्यासाठी मुलाला रोगी ठरवण्याची गरज नाही.

नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकांनी आपल्या अहवालात मूल काय म्हणाले आणि प्रत्यक्षात काय घडले तेवढेच लिहावे, निदान लिहू नये. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १२ नुसार बोलावलेल्या तज्ज्ञाला, तुमचे निदान कोणत्या मान्यताप्राप्त वर्गीकरणात आहे, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या वकिलांनी विचारावा. समज आलेल्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातच आहे. ती वापरताना न्यायाधीशांनी मुलाशी आपल्या दालनात, आईवडिलांपैकी कोणीही समोर नसताना बोलावे, आणि कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असेल तर आधी तिची शहानिशा करून मगच भेटीचा आदेश द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय समुपदेशक,
गंगापूर रोड, नाशिक