डोंबिवलीचं पुढे ढकललंय

ती. बाबा आणि प्रिय आई,

सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते, पण बाबा 'बरं बरं' म्हणून फोन आईकडे देतात आणि आई रडते. म्हणून लिहितेय. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर व्हायला मी हो म्हटलंय. एक तारखेपासून राहायलाही तिथेच. म्हणजे दिवाळीनंतर तुम्हाला चिपळूणहून कायमचं डोंबिवलीला आणायचं होतं, ते दोन वर्षं पुढे गेलं. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते आणि माझा पाय निघाला नसता.

पैशासाठी नाही हो. भत्ता आईच्या डोळ्यांच्या थेंबांतच संपेल. 2023 च्या जूनमध्ये चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात त्या मुलीचा खून झाला, आठवतं ना? सुट्टीमुळे बऱ्याच मुली घरी गेलेल्या, आणि संशय तिथल्या पहारेकऱ्यावरच. तेव्हा आई मला रोज दोनदा फोन करायची, मी आपली माझ्या घरात असून! आमच्या स्टाफरूममध्ये मात्र एकच उपाय निघाला: गेट अर्धा तास आधी बंद करा. कोंडलं की सांभाळलं, असं कसं?

परवा इमारत बघून आले. मागच्या जिन्याला कुलूप, चोर येऊ नये म्हणून. किल्ली ऑफिसात, ऑफिस सहाला बंद. उद्या आग लागली तर दीडशे मुली एकाच जिन्याने उतरणार, आणि खोल्याखोल्यांत एकेका सॉकेटवर इंडक्शन, केटल, इस्त्री. ते कुलूप मी पहिल्या दिवशी काढणार. दार आतून ढकललं की उघडेल, बाहेरून नाही, अशी कडी मिळते. सुट्टीत उरलेल्या मुली सगळ्या एकाच मजल्यावर. जादा किल्ल्या कोणाकडे, त्याची वही. रॅगिंगविषयीच्या यूजीसीच्या 2009 च्या नियमांत लिहिलंच आहे की वॉर्डन केव्हाही भेटली पाहिजे, तिचा नंबर मुलींकडे पाहिजे. डोंबिवलीत राहून 'केव्हाही' कसं जमणार? रात्री दोनला लोकलच नसते.

बाबा, मला पुण्याला सोडलंत तेव्हा ट्रंकेला दोन कुलपं लावलीत आणि स्वतः रात्रभर स्वारगेटला बसून राहिलात. हे मला आईने माझ्या लग्नानंतर सांगितलं. त्याच वर्षी मी तापाने फणफणले, तर रेक्टरबाईंनी रात्री दोनला पेज करून आणली. मीठ जास्त होतं, आईच्या पेजेची सर नव्हतीच, पण वाटी चाटूनपुसून साफ केली होती मी.

क्वार्टर तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, कमोड, गीझर, एकही पायरी नाही, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको. पलंग खिडकीपाशी लावून घेतलाय, आईला दुपारी वाचायला उजेड हवा असतो म्हणून. मे महिन्यात पंधरा दिवस यायचंच.

आता ऐका. बाबा, साखरेची गोळी जेवणाआधी, आठवेल तेव्हा नाही. आई, मोतीबिंदू यंदाच. मी आठ दिवसांची रजा मागून ठेवलीय, 'पाऊस संपू दे' वगैरे चालणार नाही. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली द्या. आणि न्हाणीघराची आतली कडी कोणीही लावायची नाही, मागच्या वेळचं पुरे झालं. इथे मुलींना म्हणणार कड्या नीट लावा, आणि तुम्हाला म्हणते उघड्या ठेवा! हसलात ना? हसा. मी रागावून लिहीत नाहीये, लांबून एवढंच करता येतं.

रात्री दहाला हजेरी असते, तेव्हा फोन करू नका.

नको, करा. मी उचलीन.

तुमची,
चिमी