जीर्णोद्धारापूर्वी नोंद हवी

महोदय,

गावोगावच्या देवळांच्या जीर्णोद्धाराची वृत्ते आपल्या दैनिकात वरचेवर वाचायला मिळतात. त्या निमित्ताने दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों प्रांतातील कोंक या डोंगरातल्या लहानशा गावाची हकिकत मांडावीशी वाटते. सेंत फ्वा या संत कन्येच्या अस्थी नवव्या शतकात तिथे आणल्या गेल्या, पुढे स्पेनकडे जाणारे यात्रेकरू तिथे थांबू लागले आणि अकराव्या शतकात आजचे भव्य चर्च उभे राहू लागले. त्याच्या दारावरील अंतिम न्यायाच्या शिल्पपटात 124 आकृती आहेत.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात देवस्थानांचे सोने-चांदी जप्त होऊ लागले, तेव्हा कोंकच्या ग्रामस्थांनी संतेची सोन्याने मढवलेली, रत्नजडित मूर्ती आणि इतर मौल्यवान वस्तू आपापल्या घरी, परसात लपवून ठेवल्या आणि संकट टळल्यावर त्या परत आणून दिल्या. पोर्तुगिजांच्या मूर्तिभंजनापासून वाचवण्यासाठी मूर्ती होडीत घालून जुवारी नदीपार नेणाऱ्या आपल्या गोव्यातील पूर्वजांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली ती अशाच निष्ठेने.

परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. सोने जिवापाड जपणाऱ्या त्याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मठाच्या ओवऱ्या पाडल्या गेल्या आणि त्यांचे दगड घरबांधणीला वापरले गेले. मूर्ती पवित्र, भिंत मात्र नुसता दगड, अशी ती समजूत होती. 1837 साली सरकारचे स्मारक-निरीक्षक प्रॉस्पेर मेरीमे तिथे पोहोचले, त्यांनी चर्चच्या दुरवस्थेचा अहवाल दिला आणि 1840 च्या पहिल्या राष्ट्रीय स्मारक-यादीत ते समाविष्ट झाले, म्हणून उरलेले वाचले. ओवऱ्यांचा बराचसा भाग मात्र कायमचा गेला.

आपणही नेमके तेच करीत आहोत. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यावरील देवळाच्या भिंतींवर कावीची चित्रे होती. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा थर देऊन तो कोरून काढलेली. जीर्णोद्धारात तो गिलावा खरवडून तिथे चकचकीत फरशी बसवली गेली, कोरीव लाकडी खांब कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही, आणि हे सारे भक्तिभावाने, वर्गणी काढून झाले. नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचे पुरातत्त्व खात्याने केलेले जतन पाहता, दुसरा मार्ग गोव्यातच उपलब्ध आहे हे स्पष्ट होते.

नव्याला माझा विरोध नाही. कोंकच्या त्याच चर्चमध्ये 1994 साली चित्रकार पिएर सुलाज यांनी घडवलेल्या आधुनिक काचेच्या 104 खिडक्या बसल्या, पण त्यासाठी जुनी भिंत कोणी पाडली नाही. म्हणून देवस्थान समित्यांना आणि महाजनांना माझी विनंती आहे की, कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक खांब, चित्र, शिलालेख यांची मापे व छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांची एक प्रत पंचायतीत व एक पुरातत्त्व खात्यात ठेवावी. जिथे मोडतोड आधीच झाली आहे, तिथे निदान वृद्धांकडून ऐकून नोंद करावी. आमच्या देवळातील ती चित्रे आठवणारी माणसे आता तीन-चारच उरली आहेत.

— एक वाचक, फोंडा