‘सकाळी बघू’ म्हणू नका

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर माझा आवाज चढला, ते मनाला लावून घेऊ नका. चिऊला ताप होता, पोट उडत होतं, आणि आई, तू म्हणालीस, ‘रात्र काढू, सकाळी बघू.’ ते ऐकून मला २०२० चा एप्रिल आठवला. तेव्हाचं मी तुम्हाला नीट सांगितलंच नाही. तुम्ही आधीच माझ्या काळजीत होतात.

इथे अमेरिकेत मी काम करते ती मुलांची इमर्जन्सी ओस पडली होती. त्या दिवसांत देशभर दहा वर्षांपर्यंतची मुलं इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ७२ टक्क्यांनी घटलं. त्यातलं बरंचसं चांगलंच होतं. शाळा बंद, खेळ बंद, त्यामुळे सर्दी-ताप, दमा, मोडलेले हात कमी झाले. पण अपेंडिक्स किंवा मधुमेह टाळेबंदीने थांबत नाही.

एक सात वर्षांचा मुलगा अजून डोळ्यांसमोर आहे. आठवडाभर सारखं पाणी पाणी करायचा, रात्री अंथरूण ओलं व्हायचं. आणला तेव्हा खोल खोल श्वास घेत होता, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. साखर वाढून रक्तात आम्ल साठलेलं. त्याची आई एकच म्हणत होती, ‘इथे आणलं तर कोरोना होईल, म्हणून थांबलो.’ तो वाचला. जर्मनीत त्याच काळात मधुमेहाचं नव्याने निदान झालेल्या मुलांपैकी जवळपास ४५ टक्के मुलं या अवस्थेला पोचली होती. आदल्या वर्षी ती २५ टक्क्यांच्या आसपास होती.

टाळेबंदी चुकीची होती, असं मी म्हणणार नाही. पण ‘घरी थांबा’ सांगताना ‘मूल मलूल झालं तर लगेच या’ हेही तितक्याच जोरात सांगायला हवं होतं. ते राहून गेलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात सगळं उलटं झालं. आरएसव्ही हा तान्ह्या मुलांच्या छातीत उतरणारा, खरा थंडीतला विषाणू. आदल्या हिवाळ्यात तो जवळजवळ दिसलाच नाही आणि निर्बंध सैल झाल्यावर भर जुलैत आला. त्याच्याशी कधी गाठच न पडलेली तान्ही मुलं रांगेने यायची, छातीचा नुसता भाता.

चिऊ आता खेळतेय, असं दादाने कळवलं. तरी पुन्हा कधी बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, ओठ निळसर वाटले, किंवा ती काही पिईना, तर रिक्षा बोलवा आणि निघा. मला वाटेतून फोन करा. इथे किती वाजलेत ते बघत बसू नका.

तुमची,
सुमी