१६ औंसांच्या लेदर बॉक्सिंग ग्लोव्ह्जबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘वापरातली झीज’ म्हणून नाकारलेल्या दाव्याची फेरतपासणी

महोदय,

वॉरंटीत असलेल्या ग्लोव्ह्जची आमची तक्रार आपण ‘ही नेहमीच्या वापरातली झीज आहे’ एवढ्या एका ओळीत निकाली काढलीत, तीही जोडी हातात न घेता. हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

मुठीच्या तोंडावर सुरकुत्या पडणं, रंग उतरणं, सुरुवातीचा कडकपणा जाऊन फोम मऊ होणं, अस्तराला घामाचा वास लागणं, ही झीज. त्याबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. वेल्क्रोत हँडरॅपचे (ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्टीचे) दोरे अडकून पकड सैल होते, तेही कंपनीच्या माथी मारणार नाही.

पण झीज ठोसा बसतो तिथे होते. या जोडीत मुठीचं तोंड धड आहे आणि फाटलंय ते अंगठ्याचं बूड, आतल्या बाजूने. तिथला दोरा शाबूत आहे. सुईची भोकं मात्र लांबट होऊन एकमेकांना मिळाली आहेत. टाके फार जवळजवळ घेतले की मधे चामडं उरत नाही आणि पोस्टाच्या तिकिटासारखी ती ओळ सुटते. घासून शिवण गेली असती तर आधी दोरा पिंजला असता. ‘उन्हात वाळवले असतील’ असंही आपण सुचवलंत. उन्हाने चामडं कडक होऊन घडीघडीत तडकतं. इथे तळहाताची घडीसुद्धा मऊ आहे.

दुसरी गोष्ट वजनाची. १६ औंस म्हणजे एका हाताला सुमारे ४५४ ग्रॅम. पूर्ण वाळल्यावर काट्यावर डावा ४५१ ग्रॅम भरतो, उजवा ४१८. दबलेल्या फोमची जाडी घटते, वजन घटत नाही. म्हणजे उजव्यात भरणच मुळात कमी आहे. हात घालून मूठ वळल्यावर दुसऱ्याने वरून अंगठ्याने दाबलं, तर डाव्यात फोम परत उसळतो; उजव्यात करंगळीच्या बाजूला अंगठा थेट हाडावर टेकतो. स्पारिंगसाठी, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीसाठी, १६ औंस घेतात ते समोरच्याचा चेहरा आणि आपली मूठ वाचावी म्हणून. हा ग्लोव्ह घालून कोणालाही रिंगमध्ये सोडता येणार नाही.

तिसरं, मनगटापाशी पापुद्रा सुटतोय. लेबलवर ‘फुल ग्रेन लेदर’, म्हणजे कातड्याचा वरचा अखंड थर, असं लिहिलंय. तसं चामडं खरवडतं, काळवंडतं, पण त्याचा असा सलग थर नखाने ओढून निघत नाही. इथे निघालेल्या थराखाली करडं, लव असलेलं स्प्लिट (कातड्याचा खालचा थर) दिसतं, म्हणजे वर पीयूचा, पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, मुलामा आहे. ही तर लेबलचीच चूक, वापराशी तिचा संबंध नाही.

शिवण, वजनकाटा आणि सुटलेला थर यांचे जवळून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. जोडी बदलून द्यावी किंवा पूर्ण रक्कम परत करावी. परतीच्या कुरिअरचा खर्च कंपनीने करावा. दावा पुन्हा नाकारायचा असेल, तर जोडी मागवून, या तिन्ही मुद्द्यांवर स्वतंत्र कारण लेखी द्यावं. १५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवू.

फाटलेली शिवण आम्ही मुद्दाम दुरुस्त केलेली नाही. आपल्या तपासनिसाला ती आहे तशीच पाहता येईल.

आपला,
क्रीडासाहित्य प्रमुख,
बॉक्सिंग प्रशिक्षण वर्ग, पुणे