सर्व्हर घेण्याआधी क्वेरी मोजा

महोदय,

दिवाळी जवळ आली की आमच्या गिरगावातल्या एका वाचनालयाची वेबसाइट धापा टाकू लागते. यंदा देणगीच्या पैशांतून मोठा सर्व्हर घ्यायचं घाटत आहे. मी तिथला सभासद, आणि पोटापाण्याला जँगोवरच (वेबसाइट बनवायच्या ज्या सॉफ्टवेअरवर ती चालते, त्यावरच) काम करतो, म्हणून कार्यकारिणीला विचारून कोड पाहिला. सर्व्हरचा काही दोष नाही.

वेबसाइट करणाऱ्याने ‘साहित्य’ हे मूळ मॉडेल, म्हणजे नोंदींचा साचा, केलं आणि त्यावरून पुस्तक, मासिक आणि दिवाळी अंक अशी तीन मॉडेल्स काढली. जँगो अशा वेळी चारही मॉडेल्सची वेगळी टेबलं बनवतं. ‘साहित्य’ची यादी मागितली तर ओळी फक्त मूळ टेबलातल्या येतात, अमुक ओळ पुस्तकाची की अंकाची, ते त्यात नसतं. म्हणून कोड प्रत्येक ओळीला विचारत बसतो: पुस्तक आहेस? नाही. मासिक? नाही. दिवाळी अंक? हो. दर प्रश्नाला डेटाबेसकडे वेगळी खेप, म्हणजे एक क्वेरी. यादीची एक आणि दर अंकाच्या तीन, अशा पन्नास अंकांच्या पानाला १५१ क्वेरी! पुस्तकाचं उत्तर पहिल्याच प्रश्नात मिळतं, त्यामुळे एरवी फारसं जाणवत नाही. अंकांचा नंबर शेवटी, म्हणून ऐन दिवाळीत बोंब.

यादीच्या क्वेरीला जँगोतली ‘सिलेक्ट रिलेटेड’ ही सोय लावून तिन्ही टेबलं तिथेच जोडून घेतली, तर हे काम एका क्वेरीत होतं. मूळ मॉडेल ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ करा, असाही सल्ला कुणीतरी देईलच. तो इथे नको. मग मूळ टेबलच उरत नाही, आणि देवघेवीची नोंद जोडायची कशाशी?

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीतला. २००५ साली ते सर्वांना खुलं झालं. म्हणून हा विषय आपल्या वर्तमानपत्रात अगदीच परका ठरू नये.

वाचनालयं, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था वेबसाइट करून घेताना रंग आणि लोगोवर तासन्‌तास बोलतात. कुठल्या पानाला किती क्वेरी लागतात, हे कंत्राटात कुणी लिहून घेत नाही. जँगोत तेवढी क्वेरी-संख्या तपासणारी टेस्ट लिहायची सोय आहे, पानाच्या क्वेरी मोजून दाखवणारा डिबग टूलबार फुकट मिळतो. आमच्या कार्यकारिणीने सर्व्हरचं कोटेशन मंजूर करण्याआधी दिवाळी अंकांचं पान टूलबार लावून सर्वांसमोर उघडायला सांगावं, आणि दुरुस्ती मूळ कंत्राटदाराकडूनच करून घ्यावी.

– एक सभासद, गिरगाव, मुंबई